पहिला रिलॅक्सेशन मसाज: आधी काय तपासायचं, काय सांगायचं, काय टाळायचं

पहिल्यांदा मसाजला गेलेले अनेक जण तासभर टेबलावर पडून राहतात, पण अंग काही सैल सोडत नाहीत. खोली गार असते. नुकतंच भरपेट खाणं झालेलं असतं. कपडे किती काढायचे हे विचारायचं राहून गेलेलं असतं, आणि दाब जास्त होतोय हे सांगायचा संकोच वाटत असतो. हात कितीही कसलेले असले तरी अशा आखडलेल्या शरीराला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. या मसाजचा संबंध स्नायूंपेक्षा मज्जासंस्थेशी जास्त आहे. मज्जासंस्था हुकूम दिला म्हणून शांत होत नाही. सावध राहण्याची एकेक कारणं काढून घेतली की मग ती स्वतःहून शांत होते. थंडी, भूक, घाई, लाज, शंका, न सांगितलेलं दुखणं ही ती कारणं. त्यातली बहुतेक तुम्ही आधीच दूर करू शकता.

१. काय मिळतं आणि काय मिळत नाही

रिलॅक्सेशन मसाज म्हणून बहुतेक ठिकाणी स्वीडिश पद्धतीचा मसाज देतात. स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची संस्था काढली, त्यामुळे हा मसाज त्यांच्या नावाशी जोडला गेला. आज शिकवल्या जाणाऱ्या हालचालींची मांडणी आणि त्यांची फ्रेंच नावं यांचं श्रेय मात्र सहसा डच डॉक्टर योहान मेत्झगर यांना देतात. हालचाली पाच आहेत. एफ्लुराज म्हणजे तळहाताने लांबवर सरकत जाणं, पेट्रिसाज म्हणजे स्नायू हातात धरून मळणं, फ्रिक्शन म्हणजे बोटांनी किंवा अंगठ्याने छोट्या जागेवर घासणं, तापोतमाँ म्हणजे हाताच्या कडेने किंवा पोकळ तळव्याने थोपटणं, आणि व्हायब्रेशन म्हणजे हलका कंप देणं. रिलॅक्सेशनसाठी पहिल्या दोनच मुख्य. उरलेल्या तोंडी लावण्यापुरत्या.

हळू स्पर्शच का, याचं उत्तर त्वचेत आहे. केस असलेल्या त्वचेत काही मज्जातंतू असे असतात की सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर या वेगाने फिरणाऱ्या हलक्या, कोमट स्पर्शाला ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. हात भरभर फिरला की त्यांचा प्रतिसाद कमी होतो. हा स्पर्श काही मिनिटं चालू राहिला की श्वास लांबतो, नाडी थोडी मंदावते, रक्तदाब तात्पुरता उतरतो आणि पोटात गुरगुर सुरू होते. ही गुरगुर चांगली खूण आहे. पचनाची जबाबदारी असलेली, म्हणजे विश्रांतीची मज्जासंस्था जागी झाल्याचं ती सांगते. तिची लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

मसाजने त्या वेळची अस्वस्थता कमी होते, याला चांगला आधार आहे. मानेच्या आणि कंबरेच्या साध्या दुखण्यात थोडा काळ आराम पडतो आणि बऱ्याच जणांना त्या रात्री झोप चांगली लागते. हा परिणाम काही तास ते काही दिवस टिकतो. एका सेशनने जुनं दुखणं कायमचं गेलं, असं होत नाही.

आता न मिळणाऱ्या गोष्टी, कारण याच गोष्टींच्या जोरावर महागडी पॅकेजेस विकली जातात. मसाजने शरीरातली ‘विषद्रव्यं’ बाहेर पडत नाहीत. ते काम यकृत आणि मूत्रपिंड करतात, आणि तेलाचा हात फिरल्याने त्यांचा वेग वाढत नाही. व्यायामानंतर रक्तात वाढलेलं लॅक्टिक ॲसिड साधारण तासाभरात आपोआप पूर्ववत होतं, दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीशी त्याचा संबंध नाही. चरबी वितळत नाही. मणक्यातली सरकलेली चकती ‘जागेवर’ बसत नाही. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक अमुक इतक्या टक्क्यांनी उतरतं असा आकडा कुणी फेकला तर तोही तिथेच सोडून द्या, कारण अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तो परिणाम फारच लहान निघाला.

२. मसाज घ्यावा की नाही, हे आधी ठरवा

हा टप्पा अनेक जण वगळतात. खरा धोका मात्र इथेच असतो.

पुढीलपैकी काही असेल तर वेळ सरळ पुढे ढकला:

– ताप, जुलाब, उलट्या किंवा अंगावर पसरणारा त्वचेचा संसर्ग
– उन्हाने भाजलेली त्वचा, उघडी जखम, ताजा मुका मार
– एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, लाल किंवा दुखरी असणं

यातली शेवटची खूण सर्वांत गंभीर. लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहणं यांनंतर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. तिथे चोळलं तर ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. अशी पोटरी ‘जरा चोळून मोकळी’ करून घ्यायची नसते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

डॉक्टरांना विचारूनच घ्यावा असे प्रसंगही आहेत. नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा अस्थिभंग, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, कॅन्सरचे उपचार आणि गरोदरपण. मसाजने कॅन्सर पसरतो ही समजूत चुकीची आहे. पण गाठीची जागा, रेडिएशन दिलेली त्वचा आणि लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) काढलेल्या बाजूचा हात यांना वेगळं सांभाळावं लागतं, आणि त्यासाठी तसं शिक्षण घेतलेला थेरपिस्टच हवा. गरोदरपणात कुशीवर झोपवून, उशांचा आधार देऊन मसाज करतात. पाचव्या महिन्यानंतर बराच वेळ उताणं झोपवत नाहीत, कारण गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडून चक्कर येते. या काळात गुठळीचा धोका वाढलेला असतो, म्हणून पायांवर खोल दाब देत नाहीत.

मसाज चालेल, पण थेरपिस्टना सांगायलाच हवं अशा गोष्टींकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं:

– रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: मध्यम दाबानेही काळेनिळे डाग पडतात.
– हाडं ठिसूळ झालेली असणं: बरगड्यांवर आणि पाठीवर हलकाच हात हवा.
– मधुमेहामुळे पावलांतली संवेदना कमी होणं: दाब किंवा अंगावर ठेवलेला गरम दगड सोसवतोय की नाही हे तुम्हालाच कळत नाही, त्यामुळे भाजण्याचा धोका असतो.
– इन्सुलिन: नुकतं टोचलेल्या जागेवर चोळलं तर ते लवकर शोषलं जातं आणि साखर अचानक उतरू शकते.
– औषधाची चिकटपट्टी: वेदनाशामक, हृदयाचं किंवा निकोटिनचं औषध पट्टीतून जात असेल तर तिच्यावर घासणं आणि ऊब दोन्ही टाळायचं. औषध जास्त प्रमाणात अंगात जाऊ शकतं.
– फुगलेल्या, गाठाळलेल्या निळ्या शिरा: त्यांच्यावर थेट दाब नको.
– पेसमेकर, इन्सुलिन पंप, साखर मोजणारा सेन्सर: जागा दाखवा. तेलाने सेन्सरचं चिकटण सुटतं.

३. प्रकार, वेळ आणि माणूस निवडा

पहिल्याच वेळी डीप टिश्यू घेऊ नका. त्यात दाब खोल असतो, सवय नसलेलं शरीर तो थोपवायला आखडतं, आणि हवं होतं त्याच्या नेमकं उलटं घडतं. स्पोर्ट्‌स मसाजचा हेतूच वेगळा. थाई मसाज सैल कपडे घालून, जमिनीवरच्या गादीवर, हातपाय ताणून करतात. तो चांगला असतो, पण निवांत पडून राहण्याचा नसतो. मेनूवर नावं कितीही असोत, तुम्हाला हवाय तो स्वीडिश किंवा रिलॅक्सेशन, हलक्या ते मध्यम दाबाचा.

वेळ किती? ३० मिनिटांत पाठ, मान आणि खांदे नीट होतात. पूर्ण शरीराला ६० मिनिटं लागतात, आणि तीही थोडी आवळूनच बसतात: पाठ आणि मानेला १५ ते २०, पायांच्या मागच्या बाजूला १० ते १२, मग उताणं झाल्यावर पायांच्या पुढच्या बाजूला ८ ते १०, दोन्ही हातांना मिळून ८ ते १०, शेवटी मान आणि डोकं. पोटाला त्यात वेळ उरत नाही. ३० मिनिटांत ‘फुल बॉडी’ देतो म्हणणाऱ्यांकडे सगळीकडे नुसता तेलाचा हात फिरतो. त्यापेक्षा ३० मिनिटं फक्त पाठ घ्या. पहिल्या वेळेसाठी ६० मिनिटं योग्य. ९० मिनिटं तेवढा वेळ पडून राहायची सवय झाल्यावर.

वेळ ठरवताना फोनवर हे प्रश्न विचारा:

– थेरपिस्टचं शिक्षण कुठे, किती काळाचं झालं? जिथे परवाना लागतो तिथे तो आहे का?
– ६० मिनिटांत कपडे बदलणं आणि आधीचं बोलणं धरलंय का? काही ठिकाणी ‘तास’ म्हणजे टेबलावर ५० मिनिटंच असतात.
– स्त्री किंवा पुरुष थेरपिस्ट निवडता येईल का?
– अंग झाकायला चादर असते का? कपड्यांबद्दलचा नियम काय?
– कोणतं तेल वापरता? स्वतःचं आणलं तर चालेल का?
– वेळ रद्द करायची तर किती आधी कळवायचं?

कपडे आणि चादरीबद्दल विचारल्यावर उडवाउडवीचं उत्तर आलं, तर तिथे जाऊ नका. ज्यांचं काम चोख आहे त्यांना हा प्रश्न रोज येतो आणि ते एका वाक्यात त्याचं उत्तर देतात. दहा सेशनचं पॅकेज पहिल्या भेटीआधी घेऊ नका, सवलत कितीही असो. हात पटतात की नाही हे एकदा अनुभवल्याशिवाय कळत नाही.

४. तेलाची चाचणी दोन दिवस आधी

बदाम आणि तिळाचं तेल मसाजसाठी सर्रास वापरलं जातं, आणि या दोन्हींची ॲलर्जी असणारे लोकही आहेत. सुकामेव्याची किंवा तिळाची ॲलर्जी असेल तर ती फोनवरच सांगा. हात धुऊन दुसरं तेल घेतलं तरी चादरीत आणि टॉवेलात आधीचं तेल मुरलेलं असू शकतं. द्राक्षबियांचं तेल, जोजोबा किंवा वास नसलेलं क्रीम हे सोपे पर्याय.

चाचणी अशी करा: कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर तेलाचा थेंब लावा. तिथे पाणी लागू देऊ नका. २४ ते ४८ तास बघा. खाज, लाली किंवा पुरळ आली तर ते तेल नको. काही प्रतिक्रिया उशिरा उठतात, त्यामुळे तासाभरात काही झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

सुगंधी तेलांबद्दल थोडं अधिक. लॅव्हेंडर, निलगिरी वगैरेंचा अर्क कधीच थेट त्वचेवर लावत नाहीत. तो साध्या तेलात १ ते २ टक्के मिसळतात, म्हणजे ३० मिलिलिटर तेलाला ६ ते १२ थेंब. ‘जास्त घातला की जास्त आराम’ हे इथे चालत नाही. जास्त घातला की त्वचा पेटते आणि डोकं दुखतं. बर्गमॉटसारख्या लिंबूवर्गीय अर्कांनी त्वचा उन्हाला संवेदनशील होते, त्यामुळे मसाजनंतर उन्हात जायचं असेल तर ते टाळा. दमा किंवा वासाने डोकं उठण्याचा त्रास असेल तर सुगंध नकोच म्हणून सांगा. खोलीत जळणाऱ्या मेणबत्तीलाही हे लागू आहे.

५. त्या दिवशीची तयारी

वेळ अशी निवडा की नंतर दोन तास तरी काही काम नसेल. मीटिंगच्या मधल्या फटीत घेतलेल्या मसाजमध्ये मन घड्याळावरच असतं. संध्याकाळ सर्वांत सोयीची.

पोट. भरपेट खाऊन पालथं झोपलं तर छातीत जळजळ होते. उपाशीपोटी गेलं तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. दीड ते दोन तास आधी हलकं काहीतरी खा. पाणी नेहमीसारखं प्या, अगदी निघताना मात्र लिटरभर ढोसू नका. निम्म्या तासात लघवीला लागलं की उरलेला वेळ वाया जातो. टेबलावर चढण्यापूर्वी एकदा बाथरूमला जाऊन याच.

दारू त्या दिवशी मसाजआधी अजिबात नको. रक्तदाब आधीच उतरतो, त्यात दारूची भर पडली की भोवळ येते आणि दाब जास्त होतोय हे कळतही नाही. याच कारणासाठी ‘दुखू नये म्हणून’ वेदनाशामक गोळी घेऊन जाऊ नका. दुखणं हीच तुमची सूचना देण्याची सोय आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली रोजची औषधं मात्र चुकवायची नाहीत. चहा-कॉफी दोनतीन तास आधी थांबवलेली बरी.

आंघोळ कोमट पाण्याने करून जा. स्वच्छतेचा भाग आहेच, शिवाय मसाजभर ‘अंगाला घामाचा वास येतोय का’ हा विचार डोक्यात राहत नाही. पायांवर केस आहेत, टाचांना भेगा आहेत याची काळजी करू नका. थेरपिस्ट दिवसभर तेच बघतात. घाईने त्याच दिवशी दाढी किंवा पायांचं शेव्हिंग केलं तर बारीक ओरखड्यांवर तेल झोंबतं. शेव्हिंग आदल्या दिवशी, वॅक्सिंग दोन दिवस आधी. परफ्यूम नको.

जोराचा व्यायाम मसाजच्या आधी उरकला तर घाम जिरेपर्यंत तासभर थांबा. नंतर त्या दिवशी करूच नका. लस टोचली असेल तर तो दंड दुखणं थांबेपर्यंत मसाजमधून वगळायला सांगा.

६. सोबत काय न्यायचं

– ओळखपत्र, जिथे मागतात तिथे
– चालू औषधांची यादी, डोससकट. तोंडपाठ आहेत म्हणू नका, फॉर्म भरताना हमखास एखादं विसरतं
– डॉक्टरांची परवानगी लागणार असेल तर ती चिठ्ठी
– लेन्सची डबी आणि चष्मा. तोंड ठेवायच्या भोकाच्या उशीवर पालथं झोपलं की डोळ्यांभोवती दाब येतो, कॉन्टॅक्ट लेन्स टोचतात
– केस बांधायला रबर किंवा क्लिप
– सैल, जुने, तेलाचा डाग पडला तरी चालतील असे कपडे आणि आतल्या कपड्यांचा एक जास्तीचा जोड
– तळाला पकड असलेल्या सपाट चपला
– इनहेलर लागत असेल तर तो, आणि मधुमेह असेल तर साखर उतरल्यास खायला काहीतरी गोड

दागिने घरीच ठेवून या. साखळी मानेत रुतते, अंगठीत तेल जातं, आणि काढून ठेवलेली वस्तू विसरली की तिची आठवण नेमकी मसाज चालू असताना येते.

७. सुरुवातीचं बोलणं: दहा मिनिटं, पण मोलाची

ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटं आधी पोचा. घाईघाईत आलेल्या शरीराला खाली यायला तेवढा वेळ लागतोच, आणि उशीर झाला तर तो वेळ सहसा तुमच्याच सेशनमधून कापला जातो.

फॉर्ममध्ये आजार, औषधं, शस्त्रक्रिया आणि ॲलर्जी विचारतात. सगळीकडे ‘नाही’ वर खूण करून मोकळं व्हायचा मोह होतो. तो आवरा. फॉर्मच नसेल, कुणी काहीच विचारलं नाही, तर तुम्ही स्वतःहून सांगा. तब्येतीबद्दल एकही प्रश्न न विचारता थेट तेल हातात घेणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही.

मग या चार गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगा. एक, आज काय हवंय: ‘मला फक्त सैल व्हायचंय, उपचार नकोय’ किंवा ‘खांदे भरून आलेत, तिथे जास्त वेळ द्या’. दोन, कुठे हात लावायचा नाही. पोट, डोकं, चेहरा, पावलं, नितंब, काहीही असो, कारण द्यायची गरज नाही. केसांना तेल नको असेल तर तेही याच वेळी, कारण एकदा हात केसांत गेला की उशीर झालेला असतो. तीन, गप्पा हव्यात की शांतता. ‘मी बोलणार नाही, चालेल ना?’ एवढं पुरे. कुणालाही राग येत नाही. चार, दाब.

दाबासाठी ० ते १० अशी मोजपट्टी ठरवून घ्या. ० म्हणजे नुसता हात ठेवलेला, १० म्हणजे सहन न होणारा. रिलॅक्सेशनसाठी ३ ते ५. त्यावर गेलात की खांदे नकळत वर येतात, पायाची बोटं आवळली जातात, श्वास रोखला जातो. श्वास रोखला गेला की दाब जास्त आहे, मग तोंडाने तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणत असलात तरी. ‘दुखलं तरच गुण येतो’ ही समजूत या मसाजला सर्वांत घातक आहे.

८. टेबलावर

थेरपिस्ट बाहेर गेल्यावर तुम्हाला जितके वाटतील तितके कपडे काढा. अंतर्वस्त्रं ठेवलीत तरी पाठीचा आणि पायांचा मसाज व्यवस्थित होतो. काहीच काढायचं नसेल तर कपड्यांवरून करता येतो, फक्त लांब सरकत्या हालचालींऐवजी दाबून करतात. चादरीखाली पालथं झोपा. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा राहतो, बाकीचा झाकलेला. तो भाग झाला की तोही झाकून पुढे जातात. यात चालढकल दिसली तर लगेच बोला.

पालथं असताना घोट्यांखाली गोल लोड असावा, नाहीतर पावलं ताणली जातात आणि कंबर वाकते. उताणं असताना तोच गुडघ्यांखाली. छाती भरलेली असेल किंवा स्तन दुखरे असतील तर छातीच्या वर-खाली घडी केलेला टॉवेल मागा. तोंड खाली ठेवून दहा-पंधरा मिनिटांत नाक चोंदणं अगदी सामान्य आहे. सर्दी असेल तर आधीच सांगा, कुशीवर किंवा लवकर उताणं करून घेता येतं.

खोलीत पंख्याचा झोत थेट अंगावर नको. उघड्या अंगावर तेल लागलं की गार वाटायला वेळ लागत नाही, आणि थंडी वाजली की स्नायू आखडतातच. २४ अंशांच्या आसपास बहुतेकांना ठीक वाटतं. तरी पाय गार पडले तर दुसरी चादर मागा.

सुरुवातीची पाच-सात मिनिटं मन इकडेतिकडे जाणारच. ‘आता मी रिलॅक्स व्हायला हवं’ असं स्वतःला बजावू नका. नाकाने श्वास घ्या आणि सोडताना थोडा जास्त लांबवा, एवढंच. हात उचलायला थेरपिस्टना मदत करू नका. तो तुमच्यासाठी उचलला जाणार आहे, जड ठेवा. नवख्या माणसांचं हे हमखास होतं: हात उचलला की ते स्वतःच तो हवेत धरून ठेवतात. खांद्याचा स्नायू सैल व्हायच्या वेळी काम करत बसतो. घोरणं, लाळ गळणं, पोटाचा आवाज, अचानक डोळ्यांत पाणी येणं, हे सगळं होतं. अंगाचे काही प्रतिसाद आपोआपचे असतात, त्यांना घाबरायचं नाही.

मधेच बोलायचं कसं, हा संकोच सगळ्यांना असतो. ही वाक्यं तयार ठेवा: ‘दाब थोडा कमी करा.’ ‘इथे नको, पुढे जा.’ ‘मला गार वाटतंय.’ ‘कुशीवर वळू का?’ ‘थांबा.’ शेवटच्या शब्दानंतर हात लगेच थांबायला हवेत, कारण विचारून मग नाही.

गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर, काखेत खोलवर, गुडघ्याच्या मागच्या खळग्यात आणि मणक्याच्या हाडावर जोराचा दाब देत नाहीत, कारण तिथे मोठ्या रक्तवाहिन्या, मज्जातंतू किंवा हाड अगदी वरवर असतं. दाब देता देता बोटात किंवा पायात झिणझिण्या आल्या, वीज चमकल्यासारखी कळ गेली, तर लगेच सांगा. मानेला झटका देऊन ‘कट्‌’ आवाज काढणं हा रिलॅक्सेशन मसाजचा भाग नाही. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका दुर्मीळ असला तरी खरा आहे. कुणी मान दोन्ही हातांत धरून वळवायला लागलं तर स्पष्ट नको म्हणा.

आणि एक गोष्ट ठामपणे. गुप्तांगांना स्पर्श, स्तनांना न विचारता स्पर्श, शरीरावर शेरे, चादर बाजूला सारणं हे कोणत्याही मसाजचं ‘तंत्र’ नाही. ‘मला गैरसमज होत असेल’ म्हणत पडून राहू नका. उठा, चादर गुंडाळा, कपडे करा, निघा, आणि तक्रार करा. उरलेली वेळ पूर्ण करायचं कोणतंही बंधन तुमच्यावर नाही.

९. उठताना

सर्वांत जास्त पडझड इथे होते. रक्तदाब उतरलेला, अंग जड, तळव्यांना तेल, आणि खाली गुळगुळीत फरशी. आधी कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन बसा, पाय खाली सोडून एकदोन मिनिटं तसेच राहा. तळवे पंचाने कोरडे पुसा, चपला घाला, मग उभे राहा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर हे अजून सावकाश.

तहान लागेल तेवढं पाणी प्या. विषद्रव्यं धुवायला दोन लिटर प्यायची गरज नाही. गाडी लगेच चालवू नका. गुंगी उतरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं बसा. तेल ‘मुरायला’ किती तास ठेवायचं याचा काही नियम नाही. त्रास होत नसेल तर राहू द्या, नाहीतर कोमट पाण्याने आंघोळ करा. कडक गरम पाण्याने रक्तदाब आणखी उतरू शकतो.

१०. पुढचे दोन दिवस

त्या रात्री झोप लवकर येते, येऊ द्या. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकलं तर ते २४ ते ४८ तासांत जातं. दाब जास्त झाल्याची ती खूण आहे, पुढच्या वेळी एक आकडा कमी सांगा.

डॉक्टरांना दाखवावं असं: तीन दिवसांनंतरही कमी न होणारं दुखणं, हातापायात बधिरपणा, मोठे काळेनिळे डाग, अंगभर पुरळ. एका पायाची सूज, धाप, छातीत दुखणं, अचानक तीव्र मान किंवा डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणं, तोंड वाकडं होणं यांपैकी काही झालं तर वेळ घालवू नका, थेट तातडीच्या उपचारासाठी जा.

घरी गेल्यावर चार ओळी लिहून ठेवा: किती मिनिटं, दाबाचा कोणता आकडा, कुठे बरं वाटलं, कुठे नको झालं, झोप कशी लागली. पुढच्या भेटीत तेच वाचून दाखवा. किती दिवसांनी पुन्हा जायचं, हेही त्या नोंदीच सांगतील. आराम चार दिवस टिकला की पंधरवडाभर, त्यावर अंतर ठरतं. नुसत्या विश्रांतीसाठी बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांचं अंतर पुरतं.

११. घरीच कुणी करून देणार असेल तर

वरचे आजारपणाचे नियम घरीही तसेच लागू. मऊ पलंगावर करू नका. दाब गादीत जातो आणि करणाऱ्याची कंबर धरते. जमिनीवर घट्ट गादी घाला, करणाऱ्याने गुडघ्यांखाली उशी घ्यावी. पाठीला ३० मिलिलिटर तेल भरपूर झालं. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा आणि आधी स्वतःच्या मनगटावर बघा. थेट गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवलं तर मधेच चटका बसेल इतकं गरम होतं. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, हाडावर नाही, कंबरेपासून मानेकडे सावकाश सरकत जा, आणि बाजूने हलक्या हाताने परत या. एक फेरी दहा सेकंदांहून कमी होऊ देऊ नका. कंबरेच्या वर, बरगड्या संपतात तिथे दोन्ही बाजूंना मूत्रपिंडं असतात, तिथे थोपटणं नको.

तेलाने माखलेले टॉवेल आणि चादरी गरम पाण्यात, जास्त साबण घालून धुवा. तेल राहिलेलं कापड ड्रायरमधून काढून गरम गरमच घडी करून ठेवलं तर आतल्या आत तापून पेटू शकतं, असे प्रकार घडलेले आहेत. दोरीवर पसरून वाळवा.